दुचाकीचे इंजिन बंद का पडले? घरच्या घरी करावयाची तपासणी



खेड्यातील घराच्या अंगणात उभी असलेली मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सत्तरीतील एखाद्या वाड्यावरून वाळपईच्या शाळेत जाणारा शिक्षक, चोडणच्या फेरीबोटीतून भाजीची पाटी पलीकडे नेणारा विक्रेता, पिवळ्या मडगार्डाची गाडी घेऊन बसथांब्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहणारा पायलट, या सर्वांचा दिवस एका लहानशा इंजिनावर अवलंबून असतो. ते इंजिन एखाद्या सकाळी सुरू झाले नाही, तर वर्ग शिक्षकाविना राहतो, भाजी कोमेजते आणि पायलटाची त्या दिवसाची कमाई बुडते.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. बंद पडलेली गाडी टेंपोत घालून शहरात न्यावी लागते. तेथे 'इंजिन खोलावे लागेल' हे एकच वाक्य कानी पडले, तर मालकाजवळ त्याला 'हो' म्हणण्यासही आधार नसतो आणि 'नाही' म्हणण्यासही नसतो. अनेकदा दोष दहा मिनिटांत दूर होण्याजोगा असतो, आणि धड इंजिन मात्र विनाकारण खोलले जाते. याच्या उलटही घडते. दोष खरोखरच इंजिनाच्या पोटात असतो, आणि मालक किकवर किक मारून, वरून थोडे ऑइल ओतून, गाडी तशीच दामटीत राहतो. मग जे काम रिंगा बदलून भागले असते, ते ब्लॉक आणि क्रँकपर्यंत जाऊन पोहोचते.

या दोन्ही प्रकारांच्या मुळाशी एकच उणीव आहे. दोष कोठे आहे हे ठरविण्यापूर्वीच हातात पाना घेतला जातो. यास्तव आजच्या व्याख्यानाचा विषय इंजिन घरी दुरुस्त कसे करावे हा नव्हे. इंजिनातील दोष कोठे आहे, हे घरी कसे ओळखावे, हा होय. त्यासाठी लागणारी साधने थोडी आहेत: प्लगचा पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, स्वच्छ फडके, काचेची लहान बाटली, लोहचुंबकाचा तुकडा आणि एक वही.

इंजिनाच्या गरजा

जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार टप्प्यांचे, म्हणजे फोर स्ट्रोक, इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी २६४ घन सेंटिमीटरचे व जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसविले. त्यानंतर कितीतरी सुधारणा झाल्या, परंतु मूळ क्रम बदलला नाही. पिस्टन खाली जाताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन वर येताना ते दाबले जाते. ठिणगी पडताच ते पेटते व पिस्टनला खाली ढकलते. पुन्हा वर येताना पिस्टन जळका धूर बाहेर लोटतो.

आपल्याकडील खेड्यापाड्यांत आजही दिसणाऱ्या शंभर सी.सी.च्या गाड्यांचेच उदाहरण घ्यावे. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या हीरो होंडा सी.डी. १०० या गाडीचे इंजिन ९७.२ घन सेंटिमीटरचे होते, आणि १९९४ मध्ये आलेल्या स्प्लेंडरचेही तेवढेच होते. असे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असता मिनिटाला ३००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, वरील चारही टप्पे पूर्ण करते.

या क्रमावरून इंजिनाच्या गरजा आपोआप स्पष्ट होतात. योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल हवे, योग्य वेळी ठिणगी हवी आणि मिश्रण दाबून धरण्याची शक्ती हवी. या शक्तीलाच गॅरेजच्या भाषेत 'कॉम्प्रेशन' म्हणतात. याखेरीज आतील भाग एकमेकांवर घासून झिजू नयेत म्हणून ऑइल हवे. पहिल्या तीन गोष्टींपैकी एकही नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. चौथी नसेल तर ते सुरू होते, चालते आणि चालता चालता स्वतःचा नाश करून घेते. म्हणूनच बंद इंजिनाची तपासणी ठिणगी, पेट्रोल आणि दाब या तीन प्रश्नांच्या क्रमाने करावयाची असते, आणि ऑइलकडे मात्र आरंभी व शेवटी असे दोनदा पाहावयाचे असते.

आधी प्रश्न, मग पाना

जुना वैद्य नाडी धरण्यापूर्वी रोग्याला पुष्कळ प्रश्न विचारीत असे. गाडीच्या बाबतीतही हाच शिरस्ता पाळावा. गाडी बंद पडली त्या क्षणी नेमके काय घडले, हे आठवून वहीत लिहून काढावे.

स्विच बंद करावा तशी गाडी एकदम निमाली असेल, तर संशय प्रथम विजेच्या बाजूवर घ्यावा. आचके देत, मंदावत, थोडी चालून पुन्हा थांबत बंद पडली असेल, तर पेट्रोलच्या वाटेत अडथळा असण्याचा संभव अधिक. बंद पडण्यापूर्वी आवाज बदलला असेल, गाडीची ओढ कमी झाली असेल, जळका वास आला असेल किंवा मागील चाक क्षणभर अडल्यासारखे झाले असेल, तर दोष यंत्राच्या आत आहे असे समजून तेथेच किक मारणे थांबवावे.

यानंतर अगदी साध्या गोष्टी पाहाव्यात. त्या पाहण्यात कमीपणा मानू नये. हँडलवरील बंद करण्याचे बटण चुकून दाबले गेले आहे काय? पेट्रोलचा कॉक उघडा आहे काय? टाकीत पेट्रोल आहे की गाडी रिझर्व्हवर आली आहे? ज्या गाड्यांना बाजूच्या स्टँडचा स्विच असतो, त्यांचा स्टँड पूर्ण वर घेतला आहे काय? शेवटी ऑइलची कांडी काढून पातळी पाहावी. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी असावी. कांडी फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. कांडीच्या टोकाला ऑइल लागतच नसेल, तर पुढील कोणतीही चाचणी करण्यापूर्वी ऑइल भरावे व हा प्रकार वहीत नोंदवावा. ऑइल गेले कोठे, या प्रश्नाचे उत्तर पुढे शोधावयाचे असते.

किक काय सांगते

आता गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, स्विच बंद करून, किक हाताने किंवा पायाने सावकाश दाबावी. निरोगी इंजिनात किक काही अंतर हलकी जाते, मग कडक लागते आणि तो कडकपणा ओलांडला की पुन्हा सैल होते. तो कडकपणा म्हणजेच दाब.

किक मुळीच हलत नसेल तर तिच्यावर उभे राहून जोर लावू नये. प्लग काढावा व पुन्हा सावकाश दाबून पाहावे. प्लग काढल्यावर इंजिन फिरू लागले आणि छिद्रातून पाणी किंवा पेट्रोल उडाले, तर द्रव आत साचला होता असे ठरते. द्रवपदार्थ हवेसारखा दाबला जात नाही, त्यामुळे तो पिस्टनला अडवितो. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या पुलावरून किंवा तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी काढताना ती बंद पडली, तर तेथेच किक मारण्याचा किंवा सेल्फ दाबण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आत पाणी असता इंजिन जोराने फिरविले, तर कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो. अशा वेळी गाडी ढकलीत कोरड्या जागी आणावी, प्लग काढून पाणी बाहेर घालवावे व ऑइल तपासावे. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ते बदलल्याविना इंजिन चालवू नये.

प्लग काढूनही इंजिन फिरत नसेल, तर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाकावी व मागील चाक हाताने सावकाश फिरवून पाहावे. चाकाबरोबर इंजिन फिरले तर अडथळा किकच्या यंत्रणेत आहे. तरीही ते फिरले नाही, तर पिस्टन किंवा बेअरिंग धरले आहे. घरची तपासणी येथे संपते.

याच्या उलट, प्लग बसविलेला असूनही किक पोकळ गेल्यासारखी जात असेल, तर दाब हरवला आहे किंवा किक व क्लच यांची पकड सुटली आहे. वरच्या गिअरमध्ये मागील चाक फिरविताना कडकपणा जाणवला तर दाब आहे, दोष किकच्या बाजूला आहे. तेथेही कडकपणा जाणवला नाही, तर पुढे सांगितलेली दाबाची चाचणी अवश्य करावी.

ठिणगीची चाचणी

या चाचणीपूर्वी दोन सावधगिऱ्या सांगणे आवश्यक आहे. जवळ उघडे पेट्रोल, पेटती विडी, चूल किंवा दिवा नसावा. तसेच प्लगच्या छिद्रासमोर ठिणगी पाडू नये. तेथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते.

प्लग काढून तो टोपीत घट्ट बसवावा व त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या हेडला, छिद्रापासून दूर, नीट टेकवून ठेवावा. तो टेकलेला नसेल तर काही गाड्यांच्या विद्युत्-भागांना इजा होऊ शकते. मग स्विच सुरू करून किक मारावी. भरदार निळसर ठिणगी टक्कन उडाली तर विजेची बाजू बहुधा ठीक समजावी. ठिणगी पिवळसर, क्षीण किंवा मधूनच पडणारी असेल, तर प्रथम नवा प्लग लावून पाहावे. उघड्या हवेत ठिणगी पडणारा जुना प्लग दाबाखाली मार खातो, हे विसरू नये.

नव्या प्लगनेही ठिणगी नसेल तर टोपी वायरवरून फिरवून काढावी. वायर लांबीला पुरेशी असेल तर तिचे काळवंडलेले टोक सुमारे ५ मिलिमीटर कापून टोपी पुन्हा बसवावी. पावसाळ्यात टोपीत ओल शिरते. ती फडक्याने पुसून वाळवावी. रात्री अंधारात इंजिन फिरवून पाहिले असता वायरवरून किंवा टोपीवरून बाहेरच ठिणग्या उडताना दिसल्या, तर वीज प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत निसटत आहे हे डोळ्यांनी दिसते. एवढे करूनही ठिणगी नसेल, तर दोष स्विचमध्ये, वायरिंगमध्ये, कॉइलमध्ये किंवा सी.डी.आय.मध्ये असतो. तो मीटरने शोधावा लागतो. अंदाजाने एकामागून एक सुटे भाग विकत घेऊन बदलणे हा सर्वांत महाग मार्ग होय.

पेट्रोलची चाचणी

आठदहा किका मारल्यानंतर काढलेला प्लग पूर्ण कोरडा असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. कार्बोरेटरच्या तळाशी वाटी सोडण्याचा स्क्रू असतो. त्याच्या नळीखाली काचेची बाटली धरून तो सैल करावा. पेट्रोल थोडे येऊन थांबले तर अडथळा वर, म्हणजे कॉकमध्ये, गाळणीत किंवा टाकीच्या झाकणात आहे. ते भरपूर आले, तरी प्लग कोरडाच असेल, तर कार्बोरेटरचा जेट चोंदला आहे.

टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक वाट असते. ती बुजली तर पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी काही किलोमीटर नीट चालते, मग आचके देऊन थांबते. झाकण उघडून पुन्हा लावले की परत चालू लागते. या एका लक्षणावरून हा दोष नेमका ओळखता येतो. गणेशचतुर्थीच्या सुट्टीत गाडी पडवीत उभी राहिली असेल, तर कुंभारीण माशीने एखाद्या नळीच्या तोंडाशी मातीचे घर बांधले आहे काय किंवा उंदराने एअर फिल्टरच्या पेटीत चिंध्या नेल्या आहेत काय, हेही पाहावे.

बाटलीतील पेट्रोल पाच मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी वेगळा थर दिसू लागतो. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने मिळू लागले. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी मिळून खाली बसतात. गाडी महिनोन्महिने उभी ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

प्लग पेट्रोलने थबथबलेला असेल तर पेट्रोल 'ओव्हर' झाले आहे. चोक बंद करावा, प्लग पुसून वाळवावा, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण उघडून प्लगविना काही किका माराव्यात व मग प्लग बसवून पुन्हा प्रयत्न करावा. या सर्व कामांत पेट्रोल तोंडाने नळी ओढून काढण्याची जुनी सवय सोडावी; ते पोटात किंवा फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते.

दाबाची चाचणी

ठिणगी आहे, पेट्रोल आहे आणि तरीही इंजिन सुरू होत नाही किंवा चढावर दम टाकते, अशा वेळी तिसऱ्या प्रश्नाकडे वळावे. प्लग काढून टोपी बाजूला धातूला टेकवून ठेवावी, स्विच बंद ठेवावा आणि छिद्रावर अंगठा घट्ट दाबून दुसऱ्या व्यक्तीला किक मारावयास सांगावे. निरोगी इंजिन अंगठा जोराने उडवून लावते. अंगठा सहज दाबून धरता आला तर दाब कमी आहे.

दाबमापक मिळाल्यास अधिक चांगले. अ‍ॅक्सिलेटर पूर्ण उघडून चारसहा किका माराव्यात व काटा जेथे स्थिरावेल तो आकडा लिहावा. लहान चार टप्प्यांच्या निरोगी इंजिनात तो साधारणपणे प्रति चौरस सेंटिमीटर १० ते १३ किलोग्रॅमच्या आसपास असतो. मात्र गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा.

दाब कमी आढळला तर प्लगच्या छिद्रातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोडावे व चाचणी पुन्हा करावी. दाब एकदम वाढला, तर गळती पिस्टनच्या कडेने होत होती व ऑइलने ती तात्पुरती बंद केली, म्हणजेच रिंगा किंवा सिलिंडर झिजला आहे. दाब मुळीच वाढला नाही, तर गळती वरच्या बाजूला, व्हॉल्व्हमधून किंवा हेडच्या गॅस्केटमधून आहे. क्वचित पिस्टनलाच छिद्र पडलेले असते. एका चमचा ऑइलने इंजिन न खोलता एवढा निर्णय हाती येतो.

धूर, आवाज आणि ऑइल

सुरू होणाऱ्या इंजिनाची प्रकृती त्याच्या धुरावरून कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. तो फक्त सकाळी सुरू करताना दिसून नाहीसा होत असेल, तर व्हॉल्व्हची सीले गेली असण्याचा संभव आहे. वेग वाढविताना सतत येत असेल, तर रिंगांचा संशय घ्यावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. प्रथम एअर फिल्टर पाहावा. थंड सकाळी पहिली काही मिनिटे दिसणारा पांढरा धूर बहुधा सायलेन्सरात साचलेल्या पाण्याची वाफ असतो. दोन टप्प्यांच्या जुन्या गाड्यांत पेट्रोलबरोबरच ऑइल जळत असल्याने थोडा निळा धूर हा दोष मानू नये.

आवाज ऐकताना लांब लाकडी काठीचे एक टोक इंजिनाला, हलत्या भागांपासून दूर, टेकवावे व दुसरे कानाजवळ धरावे. वर हेडमध्ये बारीक टिकटिक असेल तर टॅपेट सैल आहेत. ही तातडीची बाब नव्हे. बाजूला खडखड असेल तर टायमिंग चेन सैल झाली आहे. पण खालून, ओझे पडताच, जड ठकठक येत असेल तर ती क्रँकच्या बेअरिंगची हाक समजावी व गाडी त्याच क्षणी थांबवावी.

शेवटी ऑइल सोडून पांढऱ्या थाळीत घ्यावे व त्यात चुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, म्हणजे गिअर, बेअरिंग किंवा चेनचे. चुंबकाला न चिकटणारी रुपेरी चमक अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे पिस्टनची असू शकते. अगदी बारीक भुकटी झिजेने येतेच. बोटाला टोचणारे तुकडे मात्र येता कामा नयेत.

एक उदाहरण

समजा, डोंगराकडील गावात राहणाऱ्या एका शिक्षकाची गाडी सकाळी पहिल्या किकेला सुरू होते. सहासात किलोमीटर गेल्यावर चढणीवर तिची ओढ जाते आणि ती बंद पडते. किक हलकी लागते. अर्धा तास थांबल्यावर गाडी पुन्हा सुरू होते. परीक्षेचे दिवस आहेत, आणि पाहणाऱ्याने दुरूनच सांगितले आहे की बोअर गेला, इंजिन खोलावे लागणार.

शिक्षक वही काढून नोंदी करतो. निळा धूर नाही. ऑइल कमी झालेले नाही. टाकीचे झाकण उघडून पाहिले तरी फरक नाही. गाडी तापून बंद पडताच, हात भाजणार नाही अशा बेताने, प्लग काढून पाहिला: प्लग ओला, ठिणगी निळी व भरदार. म्हणजे पहिले दोन प्रश्न सुटले. अंगठ्याची चाचणी केली: तापलेल्या इंजिनात दाब क्षीण, निवाल्यावर चांगला. तापलेल्या स्थितीत चमचाभर ऑइल घालून पाहिले, तरी दाब वाढला नाही. म्हणजे रिंगा व बोअर यांच्यावरील आरोप टिकत नाही. गळती व्हॉल्व्हमधून आहे.

थंड व्हॉल्व्ह नीट मिटतो आणि तापलेला मिटत नाही, याचे कारण सरळ आहे. व्हॉल्व्ह व त्याची बैठक यांची वर्षानुवर्षे झीज होते, तसतसा व्हॉल्व्हचा दांडा वर सरकतो व टॅपेटची मोकळीक कमी होत जाते. ही मोकळीक मुळातच मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी असते. ती संपली की तापून लांबलेला दांडा टॅपेटला टेकतो व व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो. अशा वेळी थंड इंजिनात, पिस्टन दाबाच्या टप्प्याच्या माथ्यावर आणून, पातळ मापपट्टीने पुस्तिकेप्रमाणे मोकळीक ठेवली की काम होते. जाणत्या मेकॅनिकला हे काम इंजिन न खोलता करता येते. त्यानंतरही दाब कमीच राहिला, तर व्हॉल्व्ह जळला आहे असे समजून हेड काढावे. पण तेव्हाही बोअर व क्रँक यांना हात लावण्याचे कारण उरत नाही.

या उदाहरणात शिक्षकाने दुरुस्ती केली नाही. त्याने फक्त पाहिले, क्रमाने पाहिले, एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि लिहून ठेवले. गॅरेजमध्ये जाताना तो 'गाडी बंद पडते' एवढेच सांगत नाही. तो सांगतो की तापल्यावर दाब जातो, ऑइल घालूनही वाढत नाही, टॅपेट पाहावेत. अशा गिऱ्हाइकाशी प्रामाणिक कारागीरही अधिक आपुलकीने बोलतो, कारण त्याचे अर्धे काम झालेले असते.

नव्या गाड्यांविषयी

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रमाणक लागू झाले, आणि नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा बहुतांशी फ्युएल इंजेक्शनने घेतली. या गाड्यांत पेट्रोल दाबाखाली असते. त्यामुळे त्यांची पेट्रोलची नळी घरी सोडू नये. स्विच सुरू करताच टाकीत पंपाचा एकदोन सेकंद गुणगुणणारा आवाज येतो की नाही हे ऐकावे. इंजिनाचे चित्र असलेला दिवा चालत्या गाडीत पेटत राहतो काय, किती वेळा लुकलुकतो, हे लिहून ठेवावे. बॅटरी क्षीण असली तर पंप व ठिणगी दोन्ही मार खातात, म्हणून अशा गाडीत बॅटरीची तपासणी सर्वांआधी करावी. दाब, धूर, आवाज व ऑइल यांच्या चाचण्या मात्र जुन्या गाड्यांप्रमाणेच लागू पडतात.

कोठे थांबावे

इंजिन अडकले असेल, खालून जड ठकठक येत असेल, ऑइलात धातूचे तुकडे सापडले असतील किंवा ऑइल घालूनही दाब येत नसेल व टॅपेट योग्य असतील, तर घरची तपासणी पुरी झाली असे समजावे. तेथून पुढचे काम माप घेणारी साधने असलेल्या कारागिराचे आहे. इंजिन खोलावयाचे ठरल्यास काढलेले भाग मालकाने स्वतः पाहावेत, मापे लिहून घ्यावीत व बदललेले जुने भाग परत मागावेत.

तपासणी करताना इंजिन बंद खोलीत कधीही चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला सावध होण्यास वेळ देत नाही. अंगण किंवा मोकळी पडवी हीच या कामाची जागा होय.

शाळांतील विज्ञानाच्या शिक्षकांना एक सूचना करता येईल. चार टप्प्यांच्या इंजिनाची आकृती फळ्यावर काढून झाल्यावर, शाळेच्या अंगणातील एखाद्या गाडीचे बंद इंजिन मागील चाकाने सावकाश फिरवून मुलांना दाबाचा कडकपणा हाताने अनुभवू द्यावा. आणि प्रत्येक गाडीमालकाने गाडीच्या कागदपत्रांबरोबर एक छोटी वही ठेवावी. तीत ऑइल कधी बदलले, प्लग कधी बदलला, टॅपेट कधी पाहिले आणि गाडी बंद पडली तेव्हा काय घडले, याच्या तारखेनिशी नोंदी असाव्यात. गाडी पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा तपासणीला आरंभ या वहीपासूनच करावा.